रिपीटर बॅच की अभ्यासिका? 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्यासाठी

मी दोन्ही करून बघितलं. जूनअखेरपासून दसऱ्यापर्यंत नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लासची रिपीटर बॅच, म्हणजे परत परीक्षा देणाऱ्यांचा वर्ग, आणि दसऱ्यानंतर मेपर्यंत नाशिकरोडला घराजवळची अभ्यासिका, सोबत फक्त टेस्ट सिरीज. म्हणजे हे सगळं एकाच पोराच्या अनुभवावर उभं आहे, तेवढं धरून वाचा.

आधी गुणांचं बोलतो, कारण घरी महाभारत त्यावरूनच होतं. 2024 ला माझे 720 पैकी 571 होते, 2025 ला 504. आत्या फोनवर म्हणाली, "वर्षभर घरी बसून कमी केलेस होय रे?" पण 2024 ला 200 पैकी 180 प्रश्न सोडवायचे होते आणि वेळ 3 तास 20 मिनिटं. 2025 ला 180 च्या 180, तीन तासांत, वर फिजिक्सने सगळ्यांनाच रडवलं. 2024 च्या सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686. माझी रँक निम्म्यावर आली होती, पण ते आत्याला कोण समजावणार.

क्लासचं चांगलं ते सांगतो. उठावं लागतं. फी भरलेली असते, बाबा काही बोलत नाहीत, पण डबा भरून ठेवलेला असतो. आणि फिजिक्सचे सर खरंच चांगले होते. रोटेशन मी दोन वर्षं पाठ केलं होतं, त्यांनी वर्गाचं दार बिजागरीजवळून ढकलून दाखवलं आणि टॉर्क, म्हणजे वस्तू फिरवणारा जोर, कायमचा डोक्यात बसला. वाटेतल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ मी त्यांच्यासाठी सोडून दिला असता.

क्लास सोडला तो सरांच्या एका वाक्यामुळे. रविवारी टेस्ट, मंगळवारी चर्चा. सर विचारायचे, "हा किती जणांचा चुकला? हात वर!" चाळीस हात आले की अर्धा तास फळा भरायचा. सात-आठ आले की, "तुम्ही नंतर विचारा." माझे प्रश्न नेमके सात-आठ हातांचे असायचे. सप्टेंबरच्या एका पेपरात माझे 31 चुकले, त्यातल्या 9 वर चर्चा झाली. नीटमध्ये चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की पाच गुणांचा फरक पडतो, चार मिळतात आणि कापला जाणारा एक वाचतो. राहिलेल्या 22 चा हिशेब मी बसमध्ये केला आणि मूडच गेला. शिवाय मंगळवारपर्यंत आपण तिसरा पर्याय का काळा केला होता, तेच आठवत नाही.

अभ्यासिकेत रविवारी दुपारी 2 ते 5 पेपर सोडवायचो, परीक्षेच्याच वेळेला, गोल काळे करायच्या ओएमआर शीटवर. पाचला चहा, साडेपाचला चुका. एका रजिस्टरमध्ये प्रत्येक चुकलेल्या नंबरापुढे एकच शेरा: 'माहीत नव्हतं', 'घाई', 'तुक्का', नाहीतर 'वाचलंच नाही'. नोव्हेंबर संपेपर्यंत 'वाचलंच नाही' सगळ्यांच्या पुढे गेलं होतं. चुकीचं विधान विचारलेलं असताना मी दिसलेलं पहिलं बरोबर विधान ठोकत होतो, तेही बायोलॉजीत! मग 'इनकरेक्ट' आणि 'नॉट' दिसले की पेनने गोल करायला लागलो. उपाय एवढाच.

बाकी अभ्यासिकेत त्रासही आहे. शेजारी एमपीएससीवाले, त्यांच्याशी बोलणार काय? जानेवारीत दहा दिवस मी नुसता मोबाईल बघत बसलो, कुणी विचारलंही नाही. महिना 900 रुपये पडायचे. क्लासची फी मात्र मी जूनमध्ये एकरकमी भरली होती, मध्ये सोडल्यावर त्यातलं काही परत मिळालं नाही. तुम्ही हप्त्यांचं आधीच विचारून घ्या.

एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं एकदाही धड वाचून झाली नसतील किंवा बारावी फक्त बोर्डापुरती केली असेल, तर बहुधा क्लासच बरा. ठरत नसेल तर पहिल्या प्रयत्नाचा पेपर काढा आणि चुकलेल्यांपुढे ते चार शेरे लिहून बघा. बहुतेक ठिकाणी 'माहीत नव्हतं' आलं तर कॉलेज रोड गाठा. नाहीतर अभ्यासिकेत पंख्याखालची जागा आधी अडवा, एप्रिलमध्ये दुपारी दोनला ती मिळत नाही.