मिनीच्या हब नटसाठी घेतलेला लांब टॉर्क रेंच

क्लासिक मिनी या जुन्या छोट्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं तेव्हा हब नट (चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट) मी पान्याला पाइप लावून अंदाजानेच आवळला होता आणि थोड्याच दिवसांत चाक वर-खाली धरून हलवलं की हाताला प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागायला लागला, बेअरिंग नवंकोरं असून. म्हणून हा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक करणारा पाना, घेतला, अर्धा इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसतो ते चौकोनी टोक), ६० ते ३४० न्यूटन-मीटरचा, कारण आधीचा ११० लाच संपायचा.

माझ्या गाडीला पुढे ७.५ इंची डिस्क ब्रेक आहेत, त्यांना १५० फूट-पाउंड लागतात, म्हणजे साधारण २०३ न्यूटन-मीटर. ड्रम ब्रेकवाल्या मिनीला ६० फूट-पाउंडच पुरतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका, आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. हा नट नुसता चाक धरून ठेवत नाही हो, दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा आणि मधला स्पेसर एकत्र दाबून ठेवतो, तो दाब कमी पडला की रिंगा शाफ्टवर फिरायला लागतात.

आणि चिरा असलेला तो कोनासारखा वॉशर, तो पहिल्यांदाच घातला तर बेअरिंग नीट बसायच्या आधीच शाफ्टला घट्ट धरतो आणि क्लिक खोटा येतो! मी आधी साधा जाड वॉशर घालून सगळं ओढून बसवलं, मग नट काढून कोनवाला घातला, एकाला ब्रेक दाबून बसवलं आणि सावकाश ओढलं. क्लिक एकदम स्पष्ट, हाताला झटका जाणवतो, दांडा लांब असल्याने जोरही फार लागला नाही. स्प्लिट पिनचं (नट सैल होऊ नये म्हणून आरपार घालतात ती पिन) भोक जुळेना तेव्हा नट अजून थोडा पुढे घेतला, मागे अजिबात सोडायचा नाही. पिन नवी घातली. प्ले गेला, पूर्ण गेला, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तक्रारी दोन. आकडे फार बारीक, दांडा उजेडाकडे तिरका धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. दुसरी मोठी, क्लिक फक्त घड्याळाच्या दिशेनेच येतो. मिनीच्या मागच्या डाव्या हबला उलटे आटे असतात, तिथे हा रेंच काहीच कामाचा नाही आणि पाकिटावर त्याबद्दल एक ओळही नाही. मागचं काम करणार असाल तर दोन्ही दिशांना चालणाराच घ्या. पुढच्या चाकांसाठी मात्र डोळे झाकून घ्या, काम झालं की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवा, आतली स्प्रिंग ताणात ठेवू नका.