स्तोत्रसंहिता महिन्यात की सावकाश: इंदूरच्या घरासाठी तुलना

रविवारी चर्चमध्ये हिंदी ‘भजन संहिता’, घरी आजीची मराठी ‘स्तोत्रसंहिता’. दोन्ही म्हणजे बायबलमधला 150 स्तोत्रांचा एकच ग्रंथ, दोन भाषांत. इंदूरच्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत दोन्ही असतात, पण घरच्या प्रार्थनेसाठी भाषा एकच ठरवा. एकाने मराठीत, दुसऱ्याने हिंदीत वचन म्हटले की लय मोडते.

आता पद्धत. 150 स्तोत्रे महिन्यात संपवायच्या दोन वाटा आहेत. पहिली तारखेची: आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. 5 तारखेला 5, 35, 65, 95, 125. तक्ता लागत नाही, विलाप आणि स्तुती एकाच बैठकीत येतात. खोट वेगळीच आहे. 3 तारखेला अवघी 50 वचने, 18 तारखेला 157! 29 तारखेला तर 176 वचनांचे 119वे स्तोत्र येते. ते 31 तारखेसाठी राखून ठेवा, किंवा त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग रोज एक असे घ्या. 31 तारीख नसलेल्या महिन्यांत हा भागांचाच मार्ग उरतो.

दुसरी वाट अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) प्रार्थनापुस्तकाची: 30 दिवस, सकाळ-संध्याकाळ, ओळीने. पहिल्या सकाळी 1 ते 5, संध्याकाळी 6 ते 8. इथे वजन बरेच सारखे पडते, एका वेळी सरासरी चाळीसेक वचने. 119वे स्तोत्र 24च्या संध्याकाळपासून 26च्या संध्याकाळपर्यंत विभागलेले आहे. ज्यांची संध्याकाळ दुकानात जाते त्यांनी मात्र हिच्या नादी लागू नये, अर्धी स्तोत्रे कायमची हुकतील.

तिसरी, रोज एकच स्तोत्र, खूणपट्टी ठेवून. पाच महिने लागतात. नवख्यांना आम्ही हीच सुचवू. चुकलेला दिवस भरून काढावा लागत नाही. तारखेच्या पद्धतींत लोक थांबतात ते बहुधा थकबाकीमुळे: दोन दिवस राहिले की तिसऱ्या दिवशी पंधरा स्तोत्रे उरकायला बसतात. राहिलेले सोडून द्या, आजची तारीख घ्या.

कोणतीही पद्धत घेतली तरी वाचन मोठ्याने. बहुतेक वचनांना दोन अंगे असतात. पहिल्यानंतर एक श्वास थांबा, मग दुसरे. दोघे असाल तर वचने आलटून-पालटून म्हणा. घाई झाली की आधी हा मधला श्वासच जातो.

शापाची, म्हणजे शत्रूंचे वाईट मागणारी स्तोत्रे? कॅथलिक दैनिक प्रार्थनेच्या चार आठवड्यांच्या चक्रात 58, 83, 109 वगळली आहेत. लहान मुले सोबत असतील तर तसेच करा. 137चे शेवटचे वचनही सोडा.