शाळेत तीन खेळ की अकादमीत एकच?

प्रशिक्षकाने नोकरी कुठे धरावी? मी दोन्ही केलंय. पाच वर्षं अकादमीत फक्त व्हॉलीबॉल, नंतर २२ वर्षं शाळेत हंगामाप्रमाणे व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी खेळ (धावणं, उड्या, अडथळ्यांची शर्यत).

एकाच खेळाच्या खोलात शिरायचं असेल तर अकादमीला तोड नाही. पैसेही बरे मिळतात. शाळेत एक हंगाम संपतो न संपतो तोच जाळी उतरवून अडथळे मांडायचे, वर बाकीची कामं. तीनही खेळांत सारखी पकड येणं अवघड, हे मान्यच करायला हवं.

पण मला खटकली ती सुट्टीची गोष्ट. अकादमीत फी महिन्याची. एका तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा धरला होता. सर्व्हिससाठी हात वर नेला की ओठ दाबून धरायचा. मी महिनाभर आराम सांगितला. आठवड्याभरात त्याला घरच्यांनी दुसरीकडे घातलं, आणि चालकांनी मलाच विचारलं, "सर, सुट्टी कशाला दिलीत?" त्या दिवशी माझं मन उठलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं, की शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळाला जुंपू नका आणि मुख्य खेळातून वर्षाकाठी एकूण तीन महिने तरी सुट्टी द्या, एकेक महिन्याने दिली तरी चालेल. शाळेत हंगाम बदलला की खांद्याला आपोआप आराम मिळतो.

फायदा खेळालाही होतो. एक मुलगी स्मॅशला कायम उशिरा उडायची. हात फिरेपर्यंत चेंडू जाळीखाली. दोन महिने सांगून थकलो. उंच उडीच्या हंगामात तिची शेवटची तीन पावलं खडूने आखली. शेवटचं पाऊल आखूड आणि झटक्यात पडायला लागलं. पुढच्या वर्षी व्हॉलीबॉलला तेच पाऊल तिने न सांगता टाकलं. अकादमीत हे मला दिसलंच नसतं.

सतरा-अठरा वर्षांची, वरच्या पातळीवर निघालेली मुलं घडवायची असतील, तर कदाचित अकादमीच बरी. शाळेकडे कल असेल तर होकार देण्याआधी एवढं विचारा: हंगाम बदलला तरी तीच मुलं तुमच्याकडे राहणार का? दर खेळाला वेगळा प्रशिक्षक असेल, तर मी तरी दोनदा विचार करेन.