दिवाळी ते पावसाळा: बूट उत्तम, नाड्या भिकार

आधीच सांगतो, पळायचा हा बूट चांगला आहे. तरी माझ्याकडून पाचपैकी तीनच तारे, कारण उरलेले दोन नाड्यांनी खाल्ले. कंपनीशी भांडण अजून चालू आहे म्हणून नाव देत नाही. फोम कुठला, वजन किती, हे सगळीकडे छापलेलं आहे, ते परत लिहीत नाही.

मी पूर्वी पळायचो. मग नाशिकमधल्या सातपूरची शिफ्ट, मुलाची दहावी, करोना, अशी एकेक कारणं मिळत गेली आणि पाच-सहा वर्षं निघून गेली. परत सुरू करायचं ठरवलं तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून माळ्यावरची जुनी जोडी काढली, तर सोल शिळ्या भाकरीसारखा हातात तुटून आला. न वापरता जपून ठेवलेला बूट टिकतो असं आपल्याला वाटतं. पॉलियुरेथेनच्या सोलला ते लागू नाही. हवेतल्या दमटपणानं तो बसल्याजागी आतून तुटत जातो. मग दिवाळीच्या सेलमध्ये, कार्डाची सूट धरून, ही जोडी ३,८०० रुपयांना घेतली.

माझं दुखणं डाव्या पायाला, टाचेच्या मागच्या जाड नसेला, म्हणजे पोटरी टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनला. सकाळी पलंगावरून उतरलं की सुरुवातीची पावलं लंगडत टाकायची, जरा चाललं की मोकळं. या बुटात टाच पंजापेक्षा १० मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे त्या नसेवर ताण कमी येतो आणि ते पहिल्याच आठवड्यात जाणवलं. उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण त्याच्याकडे मी लक्ष देत नाही. इतकी वर्षं बंद असलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी सांगत नाही: दम लवकर परत येतो, नसा फार सावकाश तयार होतात. कृषीनगरच्या ट्रॅकवर छाती म्हणायची अजून दोन फेऱ्या मार, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना टाच हिशोब मागायची.

आता नाड्या. गोल, गुळगुळीत, चकचकीत पॉलिस्टरच्या. दिसायला झकास. गोल्फ क्लब मैदानाला वळसा पुरा होईपर्यंत एक तरी सुटलेली असणारच. तुम्ही म्हणाल, एवढंसं काय, वाका आणि बांधा. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली असताना, अर्धवट तापलेली पोटरी घेऊन मिनिटभर थांबून बघा. ती गार पडते, आणि पुन्हा पळायला लागलं की नस परत शून्यापासून दुखायला लागते. म्हणजे टाच उंच करून बूट जे देतो ते नाडी काढून घेते.

डबल गाठ मारून पाहिली. टिकते. पण जूनच्या पहिल्या पावसात भिजल्यावर ती गाठ नखांनी सुटेना, शेवटी काट्या-चमच्यानं सोडवली. घाईत गाठ न सोडता बूट ओढून काढले तर टाचेमागचा ताठ कप चेपतो, आणि पैसे तर त्याचेच दिलेत.

कस्टमर केअरला मेल केला. मागणी काय, तर चपट्या नाड्यांची एक जोडी पाठवा. उत्तर आलं की लेस वॉरंटीत येत नाही. मग फोनवर एक मुलगी म्हणाली, ‘सर, तुम्ही बहुतेक गाठ चुकीची बांधताय.’ हे मात्र लागलं. गाठीचे दोन प्रकार असतात हे मला माहीत आहे. पहिला आणि दुसरा वेढा एकाच दिशेनं दिला तर फासे बुटाच्या लांबीत तिरके वळतात आणि गाठ लवकर सुटते; उलट दिशेनं दिला तर फासे आडवे बसतात. माझे आडवेच बसतात. फोटो काढून पाठवला. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन आलं. म्हणजे पंचवीस रुपयांच्या नाडीसाठी मी आणखी एक जोडी घ्यायची!

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीच्या लोकांनी २०१७ मध्ये नाडीची गाठ का सुटते यावर रीतसर शोधनिबंध काढलाय. ट्रेडमिलवर पळणाऱ्या पायाचं स्लो मोशन चित्रण केलं. पाऊल आपटताना गुरुत्वाकर्षणाच्या सातपटीपर्यंत धक्का बसतो, त्यानं गाठ सैल होते, आणि पाय पुढे-मागे जाताना मोकळी टोकं फटकारल्यासारखी ओढली जातात. दोन्ही एकत्र झालं की बघताबघता गाठ सुटते. त्यांच्या प्रयोगात नीट आडवी बांधलेली गाठही सुटली, फक्त उशिरा. तो दुवासुद्धा कंपनीला पाठवला. उत्तर नाही.

हे सगळं ट्रॅकवर रोज भेटणाऱ्या एका आजोबांना सांगत होतो. ते म्हणाले, ‘सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी पळायला लागली आणि २०१० च्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरचं कांस्य आणलं. तुमचं नाडीवर अडलंय होय?’ यावर काय बोलणार. पण आजोबांचे स्वतःचे बूट वेल्क्रोचे आहेत, हेही नमूद करतो.

शेवटी मेनरोडवरून चपट्या सुती नाड्या आणल्या, पंचवीस रुपये जोडी. सात जोड भोकांना १२० सेंटिमीटर लांबी लागते. सगळ्यात वरच्या जादा भोकातून फासा घेऊन टाच घट्ट बसवायची असेल तर थोडी जास्त घ्या. त्या दिवसापासून पळताना वाकलेलो नाही. सोमेश्वरपर्यंत न थांबता जाऊन येतो. हे लिहिताना तीनाचे साडेतीन करतोय, कारण नाडी सोडली तर बुटात खोट काढायला जागा नाही.

पण टाच बरी झाली त्याचं श्रेय बुटाला देणाऱ्यांना सांगतो, थांबा. बुटानं फक्त ताण कमी केला. बरं केलं ते जिन्यानं. फिजिओथेरपिस्टनं जो व्यायाम दिला तो अल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडलेला: पायरीच्या कडेला पंजावर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर टाच सावकाश पायरीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन सेट, वाकवून तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. करताना थोडं दुखणं चालतं, असह्य झालं तर थांबायचं. फुकट, कंटाळवाणं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रोज विचारतात, ‘कोणाची वाट बघताय?’ बायकोच्या मते ३,८०० रुपये त्या पायरीला द्यायला हवे होते.

घेणार असाल तर: अर्धा साईझ मोठा घ्या, उतारावर अंगठा पुढे लागतो. सोलचं रबर डाव्या टाचेला बाहेरून झिजायला लागलंय, तरी अजून बराच काळ चालेल. पावसात फरशीवर घसरतो, मातीवर नाही. पांढरा रंग घेऊ नका, गोल्फ क्लबची माती धुऊन निघत नाही. आणि कोणाला दहा टक्क्यांचं कूपन हवं असेल तर माझ्याकडे पडून आहे.