‘अखंड फणसाची’ काठवट

दिवाळीच्या आधी एका हस्तकला प्रदर्शनात मी काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, घेतली. २,८०० रुपये मोजले. विकणारा मुलगा गोड बोलत होता. “ताई, अखंड फणस. वादळात पडलेलं झाड, गावच्या सुताराच्या हातचं काम.” मी लगेच विश्वास ठेवला, कारण आमच्या आजीची काठवट फणसाचीच होती, कुडाळकडची. तांदळाची भाकरी मी तिच्यातच शिकले.

पहिल्याच दिवशी ज्वारीचं पीठ मळलं तर गोळ्याला खालून तांबूस झाक आली. नवं लाकूड आहे, सुटत असेल थोडा रंग, असं म्हणून तो गोळा टाकून दिला आणि काठवट तीन-चारदा धुतली. रंग कमी झाल्यासारखा वाटला, म्हणून वापरत राहिले. महिन्याभराने बुडाला चीर दिसली. पट्टीने आखावी तशी सरळ! तेव्हा पोटात गोळा आला. लाकूड आपसूक तडकलं तर चीर रेषांच्या वळणाने जाते. इतकी सरळ चीर म्हणजे सांधा.

गल्लीतल्या सुतारमामांनी बुडावर रंधा फिरवला. दोनच हातांत सगळं उघडं पडलं. फिकट लाकडाच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या आणि वरून शिसवी रंगाचं पॉलिश. लाकूड कुठलं ते त्यांनाही सांगता येईना, पण फणस नाही हे त्यांनी पाहताक्षणी सांगितलं. फणसाचा गाभा ताजा कापला की हळदीसारखा पिवळा असतो, तो हवा लागून सावकाश तपकिरी होतो. कोरी काठवट गडद चॉकलेटी कशी, हे मी तिथेच विचारायला हवं होतं.

त्या रंगात काय होतं कोण जाणे. त्या भाकऱ्या माझ्या सासूबाईंनी आणि सहा वर्षांच्या लेकीने महिनाभर खाल्ल्या. पैशांचं विसरेन, हे विसरता येत नाही.

जो खरोखर एका ओंडक्यातून काठवट कोरतो, त्याच्या पोटावरही हा पाय आहे. लाकूड सावलीत महिनोन्‌महिने सुकवायचं, वाकसाने पोट काढायचं, पटाशीने कडा साफ करायच्या, मग खोबरेल मुरवायचं. सुकवण्यात घाई झाली तर काठवट फुटते आणि सगळी मेहनत वाया जाते. अशा माणसाशी आपण शंभर-दोनशेसाठी घासाघीस करतो.

घेणार असाल तर आधी उलटी करून बूड बघा. खालीही जाड, चकचकीत पॉलिश असेल तर सरळ ठेवून द्या. लाकडाच्या रेषा मध्येच तुटून दुसऱ्या दिशेने जात असतील तर तिथे जोड आहे. ओल्या कापसाने एक कोपरा घासा, रंग लागला तर प्रश्नच मिटला. ‘पडलेलं झाड’ म्हणाले तर गाव विचारा. आंबा, फणस, साग ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते. त्यामुळे ज्याने लाकूड रीतसर आणलंय त्याला ते कुठून आलं हे माहीत असतं. माझ्या विक्रेत्याने या प्रश्नावर नुसतं “कोकणातून” म्हटलं होतं.

त्याचा फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं, तर त्यांनी आधी बिल मागितलं. माझ्याकडे आहे फक्त एक कार्ड, त्यावर झाडाचं सुंदर चित्र आणि तोच बंद नंबर. बिल घ्या, आणि त्यावर लाकडाचं नाव व ‘अखंड’ हा शब्द त्यांच्याच हाताने लिहून घ्या.