मटन स्ट्रीटचा चोर बाजार: काय घ्यावं आणि काय खाली ठेवावं

मुंबईत जुन्या वस्तू धुंडाळायच्या तर भेंडी बाजारालगतच्या मटन स्ट्रीटसारखी दुसरी जागा नाही. चाळ पाडायला निघते, वाडा विकला जातो, मुलं परदेशात स्थायिक होतात, आणि मागे राहिलेला संसार भंगारवाल्याच्या हातून फिरत फिरत इथवर येतो. पण दर्शनी भागात घासूनपुसून मांडलेला ‘अँटिक’ माल आणि मागच्या फळीवर धूळ खात पडलेली घरगुती भांडीकुंडी, यांत निवड करायची असेल तर सरळ मागची फळी गाठा. पुढचा बराचसा माल जुना नसतोच, जुना दिसावा असा घडवलेला असतो.

जायला ग्रँट रोड स्टेशन बरं पडतं. पूर्वेला उतरून नळ बाजाराच्या दिशेने चालत जाता येतं. गाडी अजिबात नेऊ नका, ठेवायला जागा मिळत नाही. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात आणि शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी पहाटे मात्र रस्त्यावरच जुम्मा बाजार भरतो. तो वेगळाच प्रकार आहे: हत्यारं, कुलपं, बूट, मोटारींचे भाग, मधेच एखादा पितळी अडकित्ता. अंधार असतानाच चांगला माल उठतो, म्हणून जवळ बॅटरी हवी. एक लहान लोहचुंबक, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि मोजपट्टीही खिशात असू द्या.

सगळ्यात भरवशाची खरेदी म्हणजे तांब्या-पितळेची भांडी. घंगाळ, बंब, हंडे, गडू, पातेली, समया. आधी चुंबक लावायचं. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. मग भांडं आतून बघायचं. जुन्या हंड्याचा पत्रा जिथे जोडलेला असतो तिथे दातेरी सांधा दिसतो, करवतीच्या दातांसारखे दोन्ही काठ एकमेकांत बसवलेले. सांधा पक्का आहे का हे पाहायला भांड्यात पाणी ओतून दहा मिनिटं थांबा. दुकानदाराकडे पाणी मागायला लाजू नका. बुडाशी राखाडी डाख, म्हणजे सांधा भरायला वितळवून लावलेला धातू, दिसला तर ते भांडं फुलं ठेवायला घ्या, खाण्यापिण्याला नको. जुन्या डाखात शिसं असण्याची शक्यता असते.

या भांड्यांवरची खरी खूण म्हणजे घातलेलं नाव. टिंबाटिंबांनी कोरलेलं माहेरचं किंवा सासरचं नाव, गाव, कधी सालही. अक्षरांच्या कडा बोटाला टोचत असतील तर नाव अलीकडचं आहे. वर्षानुवर्षं राख आणि चिंचेने घासलेल्या भांड्यावरची टिंबं कडेने गुळगुळीत होतात, काही अर्धवट पुसली जातात, आणि ही झीज भांड्याच्या बाकी अंगावरच्या झिजेशी जुळते. काही विक्रेते नाव घासून काढून टाकतात. तिथे पत्रा किंचित खोलगट आणि पातळ होतो, तिरपं धरून उजेडात पाहिलं की कळतं. असं भांडं घेऊ नये. पत्रा कमकुवत झालेला असतो, आणि जी गोष्ट त्या भांड्याला इतरांपेक्षा वेगळं करत होती तीच गेलेली असते.

घरी आणल्यावर स्वयंपाकाच्या भांड्यांना आधी कल्हई. बिनकल्हईच्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं की ते कळकतं. कल्हई म्हणजे कथिल, आणि कथिल २३२ अंशाला वितळतं, म्हणून कल्हई केलेलं पातेलं रिकामं कधीही गॅसवर ठेवायचं नाही. कल्हईवाला शोधून ठेवूनच पातेली घ्या, हल्ली तो सहज भेटत नाही.

ग्रामोफोनच्या बाबतीत मात्र सावध. झळझळीत पितळी कर्णा, आठकोनी पेटी आणि पुढे कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला, असा ग्रामोफोन इथे दुकानागणिक दिसतो. तो जवळपास नेहमी नवाच असतो. पेटी हल्ली बनवलेली, कर्णा हल्ली ठोकलेला, आणि आतलं यंत्र एखाद्या मोडक्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेलं. कर्णा ज्या वाकड्या नळीवर बसतो ती नळी पाहा. नकलेत ती जाडजूड, ओबडधोबड ओतलेली असते. बिल्ल्यावरचं कुत्र्याचं तोंडही नीट उमटलेलं नसतं. शोभेला हवा असेल तर हरकत नाही, मग शोभेचाच भाव द्यायचा.

ऐकायला ग्रामोफोन हवा असेल तर बॅगेसारखं बंद होणारं पोर्टेबल मॉडेल शोधा. एचएमव्हीचं १०२ हे मॉडेल १९३१ साली आलं, आणि अजूनही चालू स्थितीत सापडतं. चावी भरताना हाताला एकसारखा जोर लागला पाहिजे. चावी मोकळीच फिरत राहिली तर स्प्रिंग तुटलेली आहे. चालताना आतून ‘धप्प’ असे धक्के बसत असतील तर स्प्रिंगमधलं ग्रीस वाळलंय. ते साफ करून घेता येतं, त्यासाठी सौदा मोडायची गरज नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असते, तेवढा वेळ गाणं शेवटी जड न होता वाजलं पाहिजे. आवाज कर्कश, फाटका येत असेल तर बहुतेक वेळा साऊंडबॉक्समधलं, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीतलं, रबर दगडासारखं झालेलं असतं. तेही बदलता येतं. साऊंडबॉक्सच्या धातूलाच तडे गेले असतील तर मात्र सोडून द्या. पोलादी सुई एका बाजूला एकच वापरायची, बोथट सुई लाखेच्या तबकडीची खाच खरवडते. आणि त्यावर प्लॅस्टिकची एलपी कधीच लावू नका, एका फेरीत खराब होते.

मनगटी घड्याळं हा इथला दुसरा फसवा माल. एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बनवलेली घड्याळं, विशेषतः ‘जनता’ हे मॉडेल, आजही उत्तम चालतात. पण भडक नारिंगी, निळ्या, हिरव्या तबकडीची जी घड्याळं ट्रेमध्ये ओळीने लावलेली असतात त्यांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. संग्राहकांत त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असंच नाव पडलंय. भिंगाखाली अक्षरं पाहा. मूळ छपाईच्या कडा धारदार असतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर शाई पसरलेली दिसते, मिनिटांच्या रेघा कमीजास्त लांबीच्या असतात आणि मधला काही भाग काट्यांच्या अक्षाशी नीट जुळत नाही. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. जनतामध्ये बहुधा ०२३१ हे १७ ज्वेलचं यंत्र असतं. तबकडीवर स्विस नाव आणि आत एचएमटीचं यंत्र, असंही सापडतं. झाकण उघडायला जो तयार नाही त्याच्याकडून घड्याळ घेऊ नये.

लाकूडसामानात स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकातले, तेव्हा ‘दीडशे वर्षांची’ खुर्ची अशा मूळ स्क्रूंवर उभी असू शकत नाही. खण उलटा करून भोकांतून ताजी पिवळट भुकटी पडते का पाहा. पडली तर आत भुंगा जिवंत आहे आणि तो घरच्या दारांपर्यंत पोचेल. सिनेमाच्या पोस्टरवर घडीच्या रेघेवरून बोट फिरवा. खरी घडी लागते, छापलेली लागत नाही.

भावाचं म्हणाल तर पहिल्या सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून बोलणं सुरू करायला हरकत नाही. अर्ध्याच्या आसपास जमतं. हवी ती वस्तू सोडून आधी दुसऱ्या दोन वस्तूंचा भाव विचारावा. पण साठ-सत्तर वर्षं याच गल्लीत बसलेल्या घराण्यांतले काही जाणकार दुकानदार वस्तूबद्दल खरं तेच सांगतात आणि भावही वाजवी लावतात. त्यांच्याशी ओढाताण करू नये. जुने मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरे बिलाशिवाय घेऊ नयेत, चोरीचा माल निघाला तर भानगड घेणाऱ्याच्याही गळ्यात पडते.

मूर्ती, जुन्या पोथ्या, चित्रं घेताना १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षांवरची मूर्ती किंवा शिल्प आणि पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात. ती विकायला परवाना लागतो आणि बरीचशी नोंदवावी लागतात. ती भारताबाहेर खासगीरीत्या नेताच येत नाहीत. लेकीला अमेरिकेत पाठवायला समई किंवा देवाची मूर्ती घेणार असाल तर ती तेवढी जुनी नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी काढा आणि वस्तू त्यानंतरच बांधायला घ्या.