न गेलेल्या हार्ड डिस्कचे १७,१०० रुपये

सोलापुरात घरचा संगणक दुरुस्तीला देण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांनी आधी माझा हा अनुभव वाचावा. ज्या बिघाडासाठी माझ्याकडून १७,१०० रुपये घेतले गेले, तो बिघाड एका पेन ड्राइव्हने, घरच्या टेबलावर, अर्ध्या तासात दूर होण्यासारखा होता. घरी येण्याचे ५००, ‘डेटा रिकव्हरी’चे ८,५००, नव्या ५१२ जीबी एसएसडीचे (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचे) ४,२००, ‘ओरिजिनल विंडोज’चे ३,००० आणि अँटिव्हायरसचे ९०० असा तो हिशेब होता. त्यातले ५,००० मी आगाऊ यूपीआयने दिले आणि उरलेले १२,१०० दुकानवाल्यांनी रोखच हवेत म्हणून रोख घेतले.

मी जुळे सोलापुरात राहते आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील काही टॉवेल-चादर कारखान्यांचे हिशेब घरूनच सांभाळते. डिसेंबरमध्ये एका रात्री वीज सारखी ये-जा करत होती, यूपीएसची बॅटरी कधीच दमलेली होती, आणि सकाळी संगणक सुरू केला तर निळ्या पडद्यावर बूट कॉन्फिगरेशन डेटाची, म्हणजे विंडोज सुरू होण्यासाठी लागणाऱ्या नोंदीची, फाइल सापडत नसल्याचा संदेश उभा. महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरायचे होते. उशीर झाला की प्रत्येक कारखान्यामागे रोज ५० रुपये विलंब शुल्क आणि वर व्याज, आणि ते कारखानदार माझ्याच दारात येणार. अशा वेळी नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानात फोन केला, यात वावगे काय केले? माणूस डॉक्टरची निवड करायला वेळ असताना आजारी पडत नाही.

दुकानातला तंत्रज्ञ आला. त्याने स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला, एक कळ दाबून बूट मेनू (संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची यादी) काढला आणि थोड्या वेळाने पडद्यावर नेहमीपेक्षा वेगळा, लहानसा डेस्कटॉप आला. त्यात त्याने डी ड्राइव्ह उघडला. मी त्याच्या मागेच उभी होते. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या डेटाचे फोल्डर, त्याखाली एकेका कारखान्याच्या नावाचे फोल्डर, आणि शेजारच्या रकान्यात आदल्याच दिवसाची तारीख मला स्पष्ट दिसली. दुसऱ्या क्षणी त्याने ती चौकट बंद केली, पेन ड्राइव्ह उपसला आणि म्हणाला, “काकू, हार्ड डिस्क गेली. डेटा पुण्याला लॅबमध्ये पाठवावा लागेल.”

तो क्षण आजही आठवला की अंगाची लाही होते. मी गप्प बसले नव्हते, “आत्ता तर फोल्डर दिसले ना?” असे मी त्याला विचारले होते. त्यावर त्याचे उत्तर तयार होते: “नुसती नावं दिसतात काकू, आतलं उघडत नाही. जास्त चालवली तर तेही जाईल.” या वाक्यात जेवढे खोटे आहे तेवढेच खरेही आहे, आणि त्यामुळेच ते पटते. डिस्क खरोखर मरणाला टेकलेली असेल, तिच्यातून टकटक आवाज येत असेल किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती दिसतच नसेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याच्या वाटेला जाऊ नये. परंतु माझ्या डिस्कचा आवाज नव्हता आणि बायोसमध्ये तिचे नाव होते. तेव्हा माझ्यासमोर एक, फक्त एक फाइल उघडून दाखवा, एवढे मी म्हणायला हवे होते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ते म्हणावे.

डिस्क लॅबमध्ये म्हणून नेली, आणि १९ तारखेला संगणक ‘सगळा डेटा वाचवला’ या शाबासकीसह घरी आला. मी बिल मागितले तर म्हणाले, पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, म्हणजे आणखी ३,०७८ रुपये. दुसऱ्यांच्या बिलांचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती शेवटी ‘एस्टिमेट’ असे वर छापलेली चिठ्ठी राहिली, याची लाज वाटते. पण दुसऱ्या दिवशी विवरणपत्रे भरायची असताना मी तिथे वाद घालत बसायचे होते का? एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. जुनी डिस्क भंगारात टाकतो म्हणत होते, ती मी मागून घेतली, कारण त्यावर दुसऱ्यांचे हिशेब होते. जुना भाग कधीही दुकानात ठेवू नका. तोच तुमचा पुरावा असतो.

जानेवारीत माझा भाचा गड्ड्याच्या यात्रेसाठी पुण्याहून आला. त्याने आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम चालवून ‘नवी’ एसएसडी तपासली. ती आजवर चालल्याचे तास २१,३१६ निघाले, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवली तरी जवळजवळ अडीच वर्षे. ४,२०० रुपयांना मला वापरलेला माल विकला होता. मग त्याने ३८० रुपयांचा पेन ड्राइव्ह आणला (८ जीबीचाही पुरतो), मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवले, जे पूर्ण मोफत आहे, आणि विंडोजचा बूट ड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा पेन ड्राइव्ह, तयार केला. जुनी डिस्क परत जोडली, त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि ‘इन्स्टॉल’ला हातही न लावता खालच्या ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मध्ये गेला. स्टार्टअप रिपेअरने जमले नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये हरवलेली बूट फाइल पुन्हा तयार करणारी बीसीडीबूटची एका ओळीची आज्ञा दिली आणि संगणक पुन्हा सुरू केला. माझा जुना डेस्कटॉप, जुनी चित्रे, टॅली, सगळे जागच्या जागी होते. “मावशी, ही डिस्क कुठल्याच लॅबमध्ये गेलेली नाही,” तो म्हणाला. विंडोजच्या ३,००० रुपयांचेही तेच. माझ्या संगणकाचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला आहे. डिस्क बदलून तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडले की ती आपोआप सक्रिय होते.

विंडोज नकोच असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत प्रणालींच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून आपल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. तिथे ‘ट्राय’ असा पर्याय आला तर तो निवडावा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. ज्यांच्या संगणकात बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे त्यांनी ४८ अंकी रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून ठेवावी, कारण तिच्याशिवाय कोणताही बूट ड्राइव्ह तुमच्या फाइली उघडणार नाही.

आता तक्रारीचे. दुकानदार म्हणाला, “ते सॉफ्टवेअर चुकीचे दाखवते.” पोलीस चौकीत गेले तर तिथल्या साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले. खोटे सांगून पैसे काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील गुन्हा आहे, जुने ४२० ते हेच, असे मी म्हटल्यावर त्यांनी मला सायबरकडे पाठवले. सायबरवाल्यांनी विचारले, फसवणूक ऑनलाइन झाली का? नाही, म्हणजे आमच्याकडे नाही. आणि ५,००० यूपीआयने गेले ते? ते तुम्ही राजीखुशीने दिले. पुन्हा चौकी. तिथे साहेब बंदोबस्ताला. अर्जाची पोच द्या म्हटले तर शिक्का नाही. लेखी नकार द्या म्हटले तर आवाज चढला. एका बाईला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवले की ती थकून घरी बसेल, हाच यांचा तपास! शेवटी मी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तांच्या नावे पाठवला. पोच द्यायला टाळाटाळ झाली की तुम्हीही तेच करा. पोस्टाची पावती कुणी नाकारू शकत नाही.

ग्राहक आयोगाकडेही तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही, हे अनेकांना माहीत नसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १९३० हा ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे, दोन्हींची गल्लत करू नका. पक्के बिल नाही, पण ५,००० च्या यूपीआय व्यवहारावर दुकानाचे नाव आहे, चिठ्ठीवर तंत्रज्ञाचे अक्षर आहे आणि एसएसडीच्या तासांचे छायाचित्र आहे. सुनावणीला मी संगणक आणि जुनी डिस्क दोन्ही घेऊन जाणार आहे, आणि ‘गेलेली’ डिस्क सर्वांसमोर सुरू करून दाखवण्याची परवानगी मागणार आहे.